फुजी कशाला, पायाखाली बघा!

मंडळी, संत तुकाराम नगरात पाया खणला की काळा कातळ लागतो. तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा! पण पोरांना ज्वालामुखी शिकवायचा म्हटलं की आपण नेटवर दाखवतो जपानचा फुजी. आपला लाव्हा मुख्यतः जमिनीच्या भेगांतून आला, थरावर थर. सह्याद्रीच्या पायऱ्या त्याच्याच. 'डेक्कन ट्रॅप'मधला 'ट्रॅप' जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

गोल खड्डा दिसला की ज्वालामुखी, ही समजूत शास्त्रज्ञांनाही नडली. बुलढाण्यातलं लोणार १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवलं. भोवती सगळा बेसाल्ट, त्यामुळे कित्येक वर्षं ते ज्वालामुखीचंच विवर वाटलं. आघाताने बनलेली काच दाखवून उल्केची बाजू पक्की झाली ती थेट १९७३ मध्ये!

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश'वर आपल्याकडचे नकाशे आहेत. पोरांना आधी त्यावर पिंपरी शोधू द्या, फुजी नंतर.