‘पडीक’ या नोंदीचा इतिहास

ब्रिटिश महसूल दप्तरात सारा न देणारी जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदली जाई. तिच्यावर गावाची गुरे चरत असली तरीही. स्वातंत्र्यानंतर ही नोंद टिकली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. २०,००० मेगावॉटचे उद्दिष्ट २०१५ मध्ये १,००,००० मेगावॉटवर नेण्यात आले आणि अशा सरकारी जमिनींना मोल आले. राजस्थानात भादला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले. परंतु त्याच वाळवंटातील अनेक ‘ओरण’, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली कुरणे, दप्तरी पडीकच आहेत. माळढोकाचा अधिवासही तिथेच. त्याच्यासाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. सौरऊर्जा आवश्यकच आहे. मात्र जमीन देण्यापूर्वी तिचा प्रत्यक्ष वापर पाहून ही जुनी नोंद तपासली पाहिजे.