सीईटीचे पर्सेंटाईल ठरतात कसे? शिफ्ट अवघड गेली तर नुकसान होतं का? समजून घ्या सोप्या भाषेत

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच तुलना सुरू होते. एकाला १२१ मार्क आणि ९५ पर्सेंटाईल. त्याच्याच कॉलेजातल्या दुसऱ्याला १३० मार्क, तरी ९२ पर्सेंटाईल. मार्क जास्त असून पर्सेंटाईल कमी कसे? संगणकात घोळ झाला की कुणी पैसे दिले? असे प्रश्न पडणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा यात घोळ नसतो. दोघांची शिफ्ट वेगळी असते आणि हिशोब शिफ्टप्रमाणे होतो. या हिशोबाला नॉर्मलायझेशन म्हणतात, मराठीत गुणांचं सामान्यीकरण.

इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री अशा प्रवेशांसाठी हा आकडा महत्त्वाचा. तो नीट वाचता आला नाही तर कॉलेजांची यादी भरताना चूक होते आणि हातची सीट जाते. म्हणून हा हिशोब एकदा समजून घेतलेला बरा.

एकच परीक्षा, पण पेपर अनेक

राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. त्याआधी सगळ्या मुलांना एकाच दिवशी कागदावर गोल रंगवायचे असत. आता लाखो मुलं आणि केंद्रांवरचे संगणक मोजके. त्यामुळे परीक्षा बरेच दिवस चालते. रोज सकाळी एक आणि दुपारी एक शिफ्ट. पीसीएम म्हणजे गणिताचा गट वेगळा, पीसीबी म्हणजे जीवशास्त्राचा गट वेगळा.

सकाळी आलेला पेपर दुपारी परत देता येत नाही, बाहेर फुटलेला असतो. म्हणून प्रत्येक शिफ्टला नवा पेपर. पेपर काढणाऱ्यांनी कितीही काळजी घेतली तरी दोन पेपर तंतोतंत सारखे अवघड होत नाहीत. एखाद्या शिफ्टला गणित लांबलचक येतं, एखाद्या शिफ्टला सोपं जातं.

अशा वेळी सगळ्यांचे मार्क एका यादीत लावले तर सोपी शिफ्ट मिळालेल्यांचा फायदा होईल. शिफ्ट तर मुलाने निवडलेली नसते, सीईटी सेल ठरवतो. नशिबाचा हा भाग कमी करायचा म्हणून पर्सेंटाईल.

टक्के वेगळे, पर्सेंटाईल वेगळे

टक्के म्हणजे पेपरातले किती मार्क मिळाले. पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या शिफ्टमधली किती मुलं तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागे आहेत.

पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. समजा एका मुलीला २०० पैकी ९० मार्क मिळाले. हे झाले ४५ टक्के. पण तिच्या शिफ्टमधल्या ८० टक्के मुलांना ९० किंवा त्याहून कमी मार्क असतील तर तिचे पर्सेंटाईल होतात ८०.

म्हणजे ८० पर्सेंटाईल बघून "पोरीला ८० टक्के पडले" असं सांगणं चूक. आणि ४५ टक्के बघून "नापास झाली" असं म्हणणंही चूक. सीईटीत पास-नापास नसतंच, फक्त क्रम असतो.

हिशोब करून पाहू

सूत्र असं: आपल्या शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मार्क मिळालेली मुलं किती ते मोजायचं. त्याला शिफ्टला हजर असलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं.

समजण्यापुरती दोन शिफ्टची उदाहरणं घेऊ.

पहिली शिफ्ट सोपी गेली. हजर मुलं २०,०००. एका मुलाला १४० मार्क. त्याच्याइतके किंवा कमी मार्क असलेली मुलं १९,०००. भागाकार करा: ९५ पर्सेंटाईल.

दुसरी शिफ्ट अवघड गेली. हजर मुलं १८,०००. एका मुलीला १२१ मार्क. तिच्याइतके किंवा कमी मार्क असलेली मुलं १७,१००. भागाकार करा: ९५ पर्सेंटाईल.

मार्कांत १९ चा फरक, पण पर्सेंटाईल सारखे. कारण आपापल्या शिफ्टमध्ये दोघांची जागा सारखीच आहे. प्रत्येक शिफ्टचे पर्सेंटाईल असे वेगवेगळे काढतात आणि मग सगळ्या शिफ्टची मुलं एका यादीत लावतात.

म्हणूनच मोबाईलवर फिरणारे "इतके मार्क म्हणजे इतके पर्सेंटाईल" असे तक्ते अंदाजापुरतेच समजा. तो आकडा शिफ्टगणिक बदलतो.

पॉइंटनंतर सात आकडे कशासाठी?

स्कोअरकार्डवर ९१.३४५६७८२ असा लांबलचक आकडा दिसतो. लाखो मुलांचा क्रम लावायचा तर दोन आकड्यांत भागत नाही, हजारो मुलं एकाच आकड्यावर अडकतील. म्हणून सात आकडे. तरीही बरोबरी झालीच तर पीसीएम गटात आधी गणिताचे पर्सेंटाईल बघतात.

पॉइंटनंतरचे आकडे किरकोळ समजू नका. गटात ४ लाख मुलं असतील तर ०.२ पर्सेंटाईलचा फरक म्हणजे ८०० मुलं. चांगल्या कॉलेजची सीट तेवढ्यात इकडची तिकडे होते.

तीन विषयांची सरासरी काढू नका

अनेक पालक तिन्ही विषयांचे पर्सेंटाईल मिळवून तीनने भागतात. उत्तर एकूण पर्सेंटाईलशी जुळत नाही आणि मग शंका येते. ते जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाईल हे एकूण मार्कांवरून वेगळे काढलेले असतात.

एखाद्या मुलाचे तिन्ही विषयांत ९० च्या आसपास असतील, तर एकूण ९२ सुद्धा येऊ शकतात. कारण गणितात त्याच्या पुढे असलेली मुलं वेगळी, केमिस्ट्रीत पुढे असलेली वेगळी. तिन्हीत एकसारखी चांगली असलेली मुलं थोडी असतात. म्हणून एकूणात तो वर सरकतो.

१०० पर्सेंटाईल इतक्या जणांना कसे?

२०२४ च्या एमएचटी-सीईटीत दोन्ही गट मिळून ३७ विद्यार्थ्यांना १०० पर्सेंटाईल मिळाले होते. म्हणजे ३७ जणांना पैकीच्या पैकी मार्क पडले असं नाही. प्रत्येक शिफ्टमध्ये जो पहिला, त्याच्या मागे किंवा बरोबर सगळी शिफ्ट असते. सूत्राप्रमाणे त्याला १०० मिळतातच, मग मार्क १८० असोत की १९८. जितक्या शिफ्ट, तितके तरी शंभरवाले.

त्या वर्षी निकालावर प्रश्नही उठले. मुलांना आपले मार्क आणि उत्तरपत्रिका बघायला मिळाव्यात अशी मागणी झाली. मागणी रास्त होती. हिशोब बरोबर असला तरी तो ज्याच्यासाठी केलाय त्याला दिसला पाहिजे.

मग ही पद्धत शंभर टक्के न्याय्य आहे का?

नाही. ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार, मध्यम आणि कच्ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात आली आहेत. हजारो मुलं विनानिवड वाटली तर बहुतेक वेळा तसं होतंही. पण एखाद्या शिफ्टला तयारीची मुलं जास्त आली, तर तिथे तितक्याच तयारीच्या मुलाला पर्सेंटाईल थोडे कमी पडतात. सूत्राला हे कळत नाही. ते पेपर अवघड होता की मुलं कच्ची होती, यातला फरक ओळखू शकत नाही.

दुसरी अडचण लहान शिफ्टची. जिथे २०० च मुलं आहेत, तिथे एक मूल पुढे गेलं की अर्धा पर्सेंटाईल जातो. २०,००० च्या शिफ्टमध्ये तोच फरक नगण्य. म्हणून शिफ्ट मोठ्या आणि साधारण सारख्या असणं गरजेचं.

पेपरातच चूक निघाली तर?

परीक्षेनंतर मुलांना लॉगिनमध्ये आपला पेपर, आपण दिलेली उत्तरं आणि आन्सर की दिसते. चूक वाटली तर शुल्क भरून ऑब्जेक्शन घेता येतं. मुदत थोड्याच दिवसांची असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रश्न रद्द करून शिफ्टमधल्या सगळ्यांना २ मार्क दिले, तर ज्याचं उत्तर आधीच बरोबर धरलं होतं त्याचे मार्क वाढत नाहीत. उलट मागची काही मुलं त्याला गाठतात किंवा मागे टाकतात. मार्क वाढणं आणि पर्सेंटाईल वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२५ मध्ये याचं मोठं उदाहरण घडलं. २७ एप्रिलच्या पीसीएमच्या एका शिफ्टमध्ये गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. २१ प्रश्न म्हणजे ४२ मार्क. ते सगळ्यांना सरसकट वाटले असते तर अभ्यास केलेला आणि न केलेला यांच्यातलं अंतरच पुसलं गेलं असतं, आणि क्रम लावायला गणिताचा जेमतेम अर्धा पेपर उरला असता. अखेर त्या शिफ्टच्या सुमारे २७ हजार मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पर्सेंटाईलचं सूत्र पेपरची काठिण्यपातळी सांभाळून घेतं, चुकीचा पेपर सांभाळून घेत नाही.

इतर परीक्षांत काय होतं?

*जेईई मेन:* इथेही शिफ्टप्रमाणे पर्सेंटाईलचीच पद्धत आहे. परीक्षा वर्षात दोनदा होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात.

*नीट यूजी:* आतापर्यंत ही परीक्षा देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी कागदावर होत आली. पेपर एकच, म्हणून शिफ्टच्या नॉर्मलायझेशनचा प्रश्नच येत नाही.

*नीट पीजी:* २०२४ मध्ये दोन शिफ्ट झाल्या आणि वाद कोर्टात गेला. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये एकाच शिफ्टमध्ये परीक्षा घ्यायला सांगितलं. ती ३ ऑगस्ट २०२५ ला तशी झाली.

*तलाठी भरती:* २०२३ ची परीक्षा ५७ सत्रांत झाली. पेपर २०० मार्कांचा आणि निकालात एका उमेदवाराला २१४ गुण. राज्यभर आरडाओरड झाली. पण तिथली पद्धत सीईटीपेक्षा वेगळी होती. तिथे पर्सेंटाईल न देता मूळ गुणच खालीवर करतात. शिफ्टची सरासरी किती आणि गुण किती पसरलेले आहेत हे बघून अवघड शिफ्टवाल्याचे गुण वाढवतात. मुळात जास्त गुण असलेला उमेदवार अवघड शिफ्टमध्ये असेल तर आकडा २०० च्या पुढे जाऊ शकतो. सूत्राच्या दृष्टीने तो आकडा चुकीचा नव्हता. पण परीक्षेआधीच हे सोप्या भाषेत सांगितलं असतं तर संशय इतका वाढला नसता.

पर्सेंटाईलवरून आपला नंबर कसा काढायचा?

१०० मधून आपले पर्सेंटाईल वजा करा. जेवढं उरेल तेवढे टक्के मुलं आपल्या पुढे. समजा पीसीएमला ४ लाख मुलं बसली आणि आपल्याला ९२ पर्सेंटाईल आहेत. मग ८ टक्के, म्हणजे साधारण ३२,००० मुलं पुढे. त्यातली सगळीच कॅप राउंडला फॉर्म भरत नाहीत, त्यामुळे गुणवत्ता यादीतला नंबर यापेक्षा बरा लागू शकतो. पक्का नंबर यादीतलाच धरा.

पालकांनी आणि मुलांनी एवढं करावं:

१. दुसऱ्या शिफ्टच्या मुलाशी मार्कांची तुलना करू नका. तुलना पर्सेंटाईलची करा, तीही एकाच गटात. पीसीएमचे ९० आणि पीसीबीचे ९० एक नव्हेत.

२. आन्सर की आली की आपली उत्तरं मोबाईलवर सेव्ह करा, स्वतः मार्क मोजा. ऑब्जेक्शन घ्यायचं असेल तर पुस्तकातला पुरावा घेऊन मुदतीत घ्या.

३. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना आपला प्रवर्ग, कॉलेज, शाखा आणि कितवा राउंड हे चारही बघा. यादीत मेरिट नंबर आणि पर्सेंटाईल दोन्ही असतात.

४. पर्सेंटाईल थोडे कमी आले म्हणून यादीत वरची कॉलेजं टाकायचीच नाहीत, असं करू नका. आवडीच्या क्रमानेच ऑप्शन भरा, खाली खात्रीची कॉलेजंही ठेवा.

५. "आतून पर्सेंटाईल वाढवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. एकाचा आकडा फुगवायचा तर शिफ्टमधल्या इतरांचा क्रमही हलतो. पैसे मागणारा फसवतोच आहे असं समजा आणि पोलिसांत तक्रार द्या.

अवघड शिफ्ट आली म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये हातपाय गाळू नका. पेपर अवघड असेल तर तो शेजारच्या संगणकावर बसलेल्यालाही तितकाच अवघड आहे, आणि आपला क्रम त्याच्याशीच लागणार आहे. अशा पेपरात शांत राहून जास्तीचे दोन-चार प्रश्न सोडवले तरी पर्सेंटाईल चांगलेच वर जाऊ शकतात. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.