लायसँडर विमान आणि भारतीय हवाई दलाची ब्रह्मदेश मोहीम (१९४१-४२)

प्रस्तावना : दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध भारतीय हवाई दलाने पहिले हल्ले ज्या विमानातून केले, ते मुळात बॉम्बफेकीसाठी बनविलेले नव्हते. मुंबई इलाख्याच्या इतिहासाशीही या विमानाचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्याची जडणघडण, भारतातील आगमन व युद्धसेवा यांचा परामर्श घेतला आहे.

जडणघडण : वेस्टलंड कंपनीच्या लायसँडरने १५ जून १९३६ रोजी पहिले उड्डाण केले. सैन्यासाठी टेहळणी करणे व तोफांच्या माऱ्याला दिशा देणे, हे त्याचे नियोजित कार्य होते. उंचावरील पंखांमुळे वैमानिकास खालची भूमी स्पष्ट दिसे आणि लहानशा मैदानावरही विमान उतरविता येई. मात्र ताशी सुमारे ३४० किलोमीटर हा त्याचा कमाल वेग तत्कालीन लढाऊ विमानांपुढे अत्यल्प होता. मे-जून १९४० मध्ये फ्रान्स व बेल्जियममध्ये वापरलेल्या १७५ लायसँडरपैकी ११८ नष्ट झाली. युरोपच्या आकाशात दिवसा लढण्याची त्याची उपयुक्तता तेथेच संपली.

भारतातील आगमन : १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत स्थापन झालेल्या पहिल्या स्क्वाड्रनकडे त्याहूनही जुनी, दोन पंखी ‘वापिटी’ विमाने होती. त्यामुळे १९४१ मध्ये मिळालेले लायसँडर तिच्या दृष्टीने प्रगतीच ठरले. मुंबईच्या युद्धभेट निधीतून बारा लायसँडर या स्क्वाड्रनला देण्यात आली.

युद्धसेवा : १ फेब्रुवारी १९४२ रोजी स्क्वाड्रन ब्रह्मदेशातील तौंगू येथे पोहोचली. लगेच जपानी विमानांनी त्या तळावर हल्ला केला. त्याला उत्तर म्हणून स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी चाकांजवळील आखूड पंखांखाली २५० पौंडांचे दोन बॉम्ब लावून थायलंडमधील माए होंग सोन धावपट्टीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रनच्या इतर विमानांनीही त्याच तळावर बॉम्बफेक केली. पुढील आठवड्यांत टेहळणी व बॉम्बफेक अशी दोन्ही कामे याच विमानांनी केली. तरीही ८ मार्च रोजी रंगून पडले आणि त्याच महिन्यात स्क्वाड्रन भारतात परतली. मजुमदार यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

मूल्यमापन : कालबाह्य विमान केवळ भारतीयांच्या माथी मारले गेले, असे म्हणणे अपुरे ठरते, ब्रिटिशांची २८ वी स्क्वाड्रनही त्याच आघाडीवर लायसँडर वापरत होती. साम्राज्याच्या अग्रक्रमात ब्रह्मदेशाचे स्थान युरोपच्या नंतरचे होते, हे खरे कारण होय. या कारणाची किंमत मात्र वैमानिकांनी मोजली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि १९४३ पासून तत्कालीन सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग येत असे, नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले.

निष्कर्ष : ज्या इलाख्याने परकीय सत्तेला विमाने भेट दिली, त्याच इलाख्यात त्या सत्तेला समांतर शासन निर्माण झाले. निधीच्या रकमेवरून जनतेची राजनिष्ठा ठरविणे म्हणूनच अयोग्य आहे. त्याचप्रमाणे रंगूनच्या पाडावावरून भारतीय वैमानिकांच्या योग्यतेचे मापन करणेही अन्यायकारक ठरेल. साधन अपुरे होते. ते वापरणारे हात अपुरे नव्हते. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला याच पिढीचा अनुभव वारशाने मिळाला.