ताऱ्याखालचे घर

लहान गावात नव्याने आलेल्या माणसाला संध्याकाळी चार लोकांत बसून पेलाभर बिअर घ्यायची असेल, तर त्याने चांगले ठिकाण कसे ओळखावे? धर्मगुरूच्या लेखणीतून हा प्रश्न निघालेला पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जर्मनीच्या एका कोपऱ्यातील लोकांनी या प्रश्नाचे जे उत्तर सहाशे वर्षांहून अधिक काळ जपले आहे, त्यात मद्यापेक्षा शेजारधर्माचाच इतिहास अधिक आहे. म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

बव्हेरियाच्या ईशान्येस, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेलगत ओबरफाल्झ नावाचा डोंगराळ व थंड प्रदेश आहे. तेथील वाल्डझासन येथे बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी मठ स्थापन केला. संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाळणारे हे लोक. त्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात संतांनी मठवासीयाला द्राक्षारस पूर्णपणे नाकारलेला नाही. पण रोजचे माप ठरवून दिले आहे आणि तृप्तीच्या पलीकडे पिऊ नये, अशी ताकीद दिली आहे. मापाचा हा विचार वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मध्ययुगात बिअर गाळण्याचा हक्क कोणालाही सहज मिळत नसे. तो प्रदेशाच्या सरदाराकडून मिळवावा लागे. याच प्रदेशातील नॉयहाउस या गावाला तो १४१५ साली मिळाला. शेजारच्या विंडिशएशेनबाखमध्येही हीच प्रथा रुजली. (जमिनीत ९,१०१ मीटर खोल घेतलेल्या संशोधन-विवरामुळे हे गाव १९९० नंतर भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक झाले.) विशेष म्हणजे हा हक्क माणसाला नव्हे, तर घराला जडलेला असे. घर विकले की हक्कही नव्या मालकाकडे जाई.

हक्क मिळाला तरी तांब्याची भलीमोठी कढई एकट्याला परवडणारी नव्हती. शिवाय लाकडी घरांच्या दाटीत घरोघरी भट्टी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून गावाने मिळून एकच भट्टीघर बांधले. ज्याची पाळी असेल त्याने कढईचे भाडे भरायचे आणि आपला माल शिजवायचा. लाकडाच्या जाळावर मोड आणून वाळवलेल्या सातूचा अर्क हॉप्सच्या फुलांसह उकळायचा व रात्रभर पसरट, उघड्या भांड्यात निवू द्यायचा. सकाळी तो ज्याचा त्याने आपल्या घरी न्यायचा. मग घराच्या तळघरात त्यात किण्व मिसळून तो आंबवायचा आणि काही आठवडे मुरू द्यायचा. कढई एकच, पण तळघर व हात निराळे. त्यामुळे प्रत्येक घरच्या बिअरची चव वेगळी. या बिअरला तेथे ‘त्सॉइगल’ म्हणतात. खूण किंवा चिन्ह या अर्थाच्या जर्मन शब्दापासून हे नाव आले आहे.

बिअर तयार झाली की घरधनी दारावर सहा टोकांचा तारा टांगतो. दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवून तो तयार होतो. एक त्रिकोण अग्नी, पाणी व हवा यांचा, तर दुसरा पाणी, सातू व हॉप्स यांचा, असा त्याचा अर्थ सांगतात. ज्या घरावर तारा, त्या घरी आज पाहुण्यांना प्रवेश. तारा पाहून घर शोधणे आपणां ख्रिस्ती लोकांना तसे नवे नाही!

आत गेल्यावर काय दिसते? लांब बाक, त्यावर खेटून बसलेले लोक, घरची पाव-भाकरी, चीज व मांसाचे थंड पदार्थ. मोकळे टेबल शोधायचे नाही. जेथे जागा असेल तेथे अनोळखी माणसाशेजारी बसायचे. वाढणारे बहुधा घरचेच लोक. तीन-चार दिवसांनी हे घर बंद होते आणि पाळी दुसऱ्या घराकडे जाते. कोणाचे दार केव्हा उघडणार, याचे वर्षाचे वेळापत्रकही आता छापले जाते.

एके काळी अशी भट्टीघरे असलेली गावे या प्रदेशात पुष्कळ होती. मोठ्या कारखान्यांची बिअर स्वस्त व सुलभ झाली आणि ती मागे पडली. आज नॉयहाउस, विंडिशएशेनबाख, फाल्कनबेर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या पाच ठिकाणी ती जिवंत आहेत. ‘त्सॉइगल’ हे नाव मात्र कारखान्यांनीही आपल्या बाटल्यांवर लावले. तेव्हा खऱ्या गावभट्टीवाल्यांना आपली संघटना बांधून ‘अस्सल त्सॉइगल’ अशी निराळी खूण ठरवावी लागली. नाव बाटलीत भरता येते; शेजारी भरता येत नाही.

येथेच थांबलो तर वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. बिअर हेही मद्यच आहे. ज्याला व्यसनाचा आजार जडला, त्याला ताऱ्याखालचे घरही वाचवू शकत नाही. त्याने पहिला पेलाच न घेणे हा त्याचा मार्ग. आमच्या सेवाकाळात मद्याने उद्ध्वस्त झालेल्या घरांत आम्ही अनेकदा प्रार्थनेसाठी गेलो. तेथील माता-भगिनींकडून एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले: “फादर, तो कुठे बसायचा, हे आम्हाला कधी कळलेच नाही.” काळ्या काचा, अंधूक दिवे, एकमेकांचे नाव न विचारणारी गिऱ्हाइके आणि पैसे असेपर्यंत पेला भरत राहणारे हात, हे सारे त्या एका वाक्यात आले.

ओबरफाल्झच्या त्या घरांत माप कायद्याने आलेले नाही. ते आले पाळीमुळे. पाजणारा आणि पिणारा एकाच गल्लीत राहतात. रविवारी एकाच मंदिरात भेटतात. आज ज्याला पेला भरून दिला, त्याच्याच बाकावर पुढच्या आठवड्यात आपल्याला बसायचे आहे, हे घरधन्याला पक्के ठाऊक असते. तेव्हा चांगले ठिकाण कोणते, या प्रश्नाचे आमचे उत्तर सोपे आहे. जेथे जाताना घरी सांगून जाता येते आणि जेथून घरचे माणूस आपल्याला हाक मारून बोलावू शकते, ते.

पिंप रिकामे झाले की घरधनी तारा उतरवतो, बाक पुसून ठेवतो आणि पुढची पाळी कोणाची ते पाहतो.