दस्तऐवजांचे परराष्ट्रीय प्रमाणन

एका देशातील अधिकाऱ्याची सही व मोहर दुसऱ्या देशातील कार्यालयास ओळखता येत नाही. म्हणून जन्मदाखला, पदवीपत्र, मुखत्यारपत्र इत्यादी दस्तऐवज परदेशात वापरण्यापूर्वी त्यांच्या खरेपणाची ग्वाही घेण्याची प्रथा पडली. तीस वैधीकरण म्हणतात. मूळ सहीवर वरिष्ठाची, तीवर परराष्ट्र मंत्रालयाची आणि अखेर संबंधित देशाच्या वकिलातीची सही, अशी ही साखळी असे. प्रत्येक अधिकारी केवळ आपल्या आधीच्या सहीची ग्वाही देई; मजकूर खरा आहे की नाही, हे कोणीच पाहत नसे. शुल्क व कालहरण मात्र प्रत्येक पायरीवर होई.

हा जाच कमी करण्यासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय खाजगी कायदा परिषदेने ५ ऑक्टोबर १९६१ रोजी करार केला. तो २४ जानेवारी १९६५ रोजी अंमलात आला. त्याने साखळीच्या जागी ‘अपोस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र आणले. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ समासातील टीप. किमान ९ सेंमी. बाजूच्या चौकोनात १० क्रमांकित नोंदी असतात व शीर्षक फ्रेंचमध्येच लागते. खरे महत्त्व चौकोनाचे नसून, ते देणाऱ्या अधिकाऱ्याने ठेवावयाच्या नोंदवहीचे आहे. शंका आल्यास तिच्यावरून क्रमांक पडताळता येतो. वकिलातींनी केलेले दस्तऐवज, तसेच व्यापार व जकातीशी थेट निगडित प्रशासकीय कागद करारातून वगळले आहेत.

भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. तथापि साखळीचा देशांतर्गत भाग उरलाच. परराष्ट्र मंत्रालयापूर्वी सामान्यतः राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याचे प्रमाणन लागते. शिवाय नव्या सदस्यास हरकत घेण्याची मुभा जुन्या सदस्यांना आहे. जर्मनीने भारताबाबत ती घेतली, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या भारतीय कागदांस कराराचा लाभ मिळाला नाही. आखाती देशांपैकी ओमानमध्ये २०१२, बहरीनमध्ये २०१३ व सौदी अरेबियात २०२२ साली करार अंमलात आल्याने तेथे नोकरीस जाणाऱ्यांची एक मोठी खेप वाचली.

करारानंतर अडीच महिन्यांनी गोवा मुक्त झाले. पोर्तुगीज अमदानीत नोंदलेल्या जन्मांचे उतारे पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी गोमंतकीय व त्यांचे वंशज अद्यापि सादर करतात. जुन्या नोंदीतील नाव व नंतरच्या कागदांवरील नाव यांच्या लेखनात तफावत असल्यास अपोस्टिलने ती मिटत नाही. दोन्ही कागद तितकेच प्रमाणित ठरतात आणि दुरुस्तीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाकडे वा न्यायालयाकडेच जावे लागते.