पायाखालची भूमी : आंजर्ल्याच्या कड्यावरून

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव जोग नदीच्या मुखाशी वसले आहे. भूमीची तीन निरनिराळी रूपे येथे एकाच फेरफटक्यात पाहावयास मिळतात : किनाऱ्यास पुळण, खाडीत चिखल आणि वर कड्यावर जांभा. कड्यावरील गणपतीचे देऊळ पूर्वी समुद्रकाठी होते व पाणी पुढे सरकल्यामुळे ते वर नेले, असे गावकरी सांगतात. कोठे बांधावे हा प्रश्न कसे बांधावे ह्याच्या आधी येतो, हे त्या जुन्या लोकांस पुरते ठाऊक होते असे ह्यावरून दिसते.

समोर हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. त्याच्या तटाचा काही भाग रचलेला नसून बेटाच्या मूळ खडकातूनच तासून काढला आहे व त्यावर मोठे चौकोनी चिरे बसविले आहेत. तेथे पाया व भिंत ह्या दोन वस्तू नव्हेतच. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो घेतला, तो तोफांच्या माऱ्याने व आतील दारूच्या कोठारास लागलेल्या आगीमुळे. लाटांनी त्यास कधी हार खावयास लावले नाही. मालवणास १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, तेव्हा पायाचे चिरे शिसे ओतून खडकाशी जखडले. २०२५ साली हे दोन्ही दुर्ग जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

परंतु खडक हाती लागत नाही तेथे काय करावे? खाडीच्या चिखलात आपल्या देशी फार जुनी युक्ती आहे, ती विहिरीच्या पायाची. पोकळ विहीर बांधून ती चिखलावर उभी करतात व आतील गाळ उपसतात. तसतशी ती स्वतःच्या भाराने खाली उतरते. कठीण थर लागला म्हणजे तिचा तळ भरून टाकतात. आग्र्यास ताजमहालाच्या यमुनेकडील चौथऱ्याखाली अशाच विहिरी आहेत. हल्ली सिमेंटचे लांब खांब भूमीत उतरवितात. अशा खांबास दोन आधार असतात : टोकाखालचा कठीण थर व अंगास बिलगलेल्या मातीचे घर्षण. मऊ चिखलावर नवा भराव घातला तर मात्र हा दुसरा आधार उलटतो. चिखल खचत जातो व खांबास आपल्यासह खाली ओढतो. हा भार हिशेबात धरावाच लागतो.

संरक्षक भिंतीचे शास्त्र मांडले ते कूलोंब नामक फ्रेंच अभियंत्याने. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची कित्येक वर्षे गेली होती. १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने आपला निबंध वाचला. भिंतीमागील मातीचा पाचरीसारखा तुकडा निसटू पाहतो व तोच भिंतीस रेटतो, हे त्याने दाखविले.

आमच्या कोकणात माती एकटी रेटत नाही, पाणीही रेटते. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडी रेताड माती असली तर रेटा लांबीच्या दर मीटरास सुमारे पावणेतीन टन येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली की तो दुपटीहून अधिक होतो. म्हणून भिंतीत छिद्रे ठेवतात व मागे खडीचा थर देतात. गिलावा नीटनेटका दिसावा म्हणून ती छिद्रे बुजविणारे गवंडी मी पाहिले आहेत, आणि त्यांची वाहवा करणारे यजमानही!

जांभ्याची गोष्ट आणखी फसवी. उघड्या हवेत तो टणक होतो, पण त्याच्या पोटाखाली कित्येक ठिकाणी मऊ चिकणमाती असते. डोंगर कापला की ती उघडी पडते व पावसात भिजून ढासळते. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेस अशी अनेक कापणे करावी लागली. २२ जून २००३ रोजी रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली, तीवर कारवारहून मुंबईस निघालेली गाडी आदळली व ५१ जीव गेले. ह्यानंतर उतार अधिक सौम्य केले, जाळ्या ठोकल्या, भिंती वाढविल्या. पावसाळ्यात ह्या मार्गावरील गाड्या मंद गतीने चालवितात आणि रेल्वेची माणसे रात्रंदिवस कापणांवर पहारा देत असतात.