‘बाँड’ शब्दाचे कुळ आणि भीमथडीचा कुणबी

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराला जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. धान्य लुटले गेले, आगी लागल्या. परंतु जमावाचा खरा रोख होता तो चोपड्यांवर आणि कर्जखतांवर. सरकारी इंग्रजीत या खतांचे नाव ‘बाँड’.

हा शब्द वाटतो तितका परका नाही. इंग्रजीत ‘बाइंड’ म्हणजे बांधणे. त्याच्याच कुळातील ‘बँड’ म्हणजे बंधन, आणि ‘बाँड’ हे त्याचेच रूपांतर. संस्कृत ‘बन्ध्’ धातूचे मूळही तेच. तेव्हा लंडनच्या पेढीवरील बाँड आणि आजच्या बारामती तालुक्यातील कन्हेरीच्या शेताचा बांध हे दूरचे भाऊबंदच होत.

गुलामगिरी या अर्थाच्या ‘बाँडेज’ शब्दाचे कुळ मात्र निराळे आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘बोंदी’ म्हणजे घर करून राहणारा, जमीन कसणारा प्रतिष्ठित गृहस्थ. इंग्रजी ‘हजबंड’ शब्दात तो आजही नांदतो. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर या शब्दाचा दर्जा घसरून त्याला कुळगुलामाचा अर्थ आला. पुढे उच्चारसाम्यामुळे ‘बाँड’ म्हणजे बांधलेला, अशीच लोकांची समजूत झाली.

इंग्लंडात शेतकऱ्याच्या नावाची जी गत झाली, तीच भीमथडीत शेतकऱ्याची झाली. १८५९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू ऋणकोच्या हिताचा; परिणाम उलटा. मुदत सरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई, आणि निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा भाव कोसळला, पत आटली, आणि त्यातच सारावाढीचा बोजा पडला. खते मात्र वाढतच राहिली. न्यायालयात कागद बोले. कुणब्याच्या तोंडी हकिकतीस किंमत नसे.

दंगलीनंतर चौकशी-मंडळ बसले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला. नवी खते सरकारी नोंदणीदारासमोर लिहिली जावीत, आणि जुन्या खतावर न थांबता न्यायाधीशाने पहिल्या रकमेपासूनचा सर्व व्यवहार तपासावा, अशी त्यात तरतूद होती. मूळ कर्ज किती होते, हा सुप्याच्या कुणब्याचा प्रश्न न्यायासनाने विचारावा, यासाठी आधी खते जळावी लागली.